वाचकांचे प्रश्न : अभ्यासक्रम आयोगाचा, नियोजन मात्र महाविद्यालयाचे

धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्यामुळे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता असे महाविद्यालय आहे. त्यामुळेच की काय, या सदराकडे वैद्यकीय शिक्षणाविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी अभ्यासक्रमाच्या नियोजनाशी संबंधित पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एका नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असून नुकतीच माझी अभ्यासक्रम समितीवर नेमणूक झाली आहे. एमबीबीएसचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ठरवून दिलेला आहे आणि परीक्षा आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. मग महाविद्यालयाने नियोजन करायचे ते कशाचे? त्यातच अधिष्ठात्यांनी ‘पाच वर्षांची धोरणात्मक उद्दिष्टे’ असा मसुदा महिनाभरात मागितला आहे. ही दोन कामे वेगवेगळी समजावीत की एकच?

उत्तर : एकच समजावीत. ती वेगवेगळ्या फायलींत गेली की उद्दिष्टांची फाइल तपासणीच्या दिवशी उघडते आणि वेळापत्रक विभागांच्या सोयीने चालते, असे अनेक ठिकाणी दिसते.

आयोगाने काय ठरवले आहे ते आधी नेमके पाहू. २०१९ च्या तुकडीपासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात प्रत्येक विषयाच्या क्षमतांची क्रमांकवार यादी आहे. विद्यार्थ्याला ती गोष्ट केवळ माहीत असावी, करून दाखवता यावी की स्वतंत्रपणे करता यावी, हेही प्रत्येक क्षमतेपुढे नोंदलेले आहे. चिकित्सक, आरोग्य पथकाचा सदस्य व नेता, संवादक, आयुष्यभर शिकत राहणारा आणि व्यावसायिक नीती पाळणारा, अशा पाच भूमिका भारतीय वैद्यकीय पदवीधराकडून अपेक्षित आहेत. साडेचार वर्षांचे शिक्षण १२, १२, १२ आणि १८ महिन्यांच्या टप्प्यांत विभागलेले असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे. एवढे सगळे दिल्लीहून येते. पण अमुक क्षमता कोणत्या महिन्यात, कोणत्या वॉर्डात, कोणत्या रुग्णासमोर शिकवायची, ती विद्यार्थ्याला आली हे कोणी उभे राहून पाहायचे, आणि आपल्या जिल्ह्यासाठी कशाला जास्त तास द्यायचे, हे यादीत नाही, असूही शकत नाही. तुमच्या समितीचे काम नेमके येथून सुरू होते.

सर्पदंशाचे उदाहरण घ्या. वैद्यकशास्त्र विषयाच्या यादीत ‘आपल्या भागातील विषारी साप आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा सांगता येणे’ आणि ‘सर्पदंशानंतर जागेवर करायचे प्राथमिक उपचार करून दाखवणे व इतरांना शिकवणे’ अशा अर्थाच्या क्षमता आहेत. यातला ‘आपल्या भागातील’ हा भाग महाविद्यालयानेच भरायचा आहे. आता प्रत्यक्षात काय होते? सर्पदंशाचे व्याख्यान अनेकदा वेळापत्रकाच्या ओघात जानेवारी-फेब्रुवारीत येते, त्या वेळी वॉर्डात दंशाचा रुग्ण क्वचितच असतो. मराठवाड्यात पहिल्या पावसापासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रात्री-अपरात्री रुग्ण येतात. त्यांतले कितीतरी जमिनीवर झोपलेले असताना मण्यार चावलेले असतात. चाव्याची खूण दिसत नाही, वेदना जवळजवळ नसते, रुग्ण पोट दुखते म्हणून येतो आणि पहाटेपर्यंत पापण्या खाली झुकू लागतात. व्याख्यान जुलैत घ्या, त्याच सुमारास वैद्यकशास्त्राच्या पोस्टिंगवर, म्हणजे त्या विभागाच्या वॉर्डातील पाळीवर, असलेल्या प्रत्येक गटाला एक रात्र तातडीच्या विभागात थांबू द्या आणि वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी प्रत्येकाच्या हातून करून घ्या. या चाचणीला लागते ती स्वच्छ, कोरडी काचेची नळी, शिरेतून घेतलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त आणि एक घड्याळ. नळी वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त न गोठता वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले आहे असे धरून पुढची पावले उचलायची. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसतो. हे पाठ करून येत नाही. एकदा स्वतः केले की विसरत नाही. प्रयोगशाळा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही चाचणी होते, म्हणून या जिल्ह्यात राहणाऱ्या डॉक्टरला ती आलीच पाहिजे.

आता हेच उद्दिष्ट म्हणून लिहून पाहा. ‘आंतरवासिता पूर्ण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सर्पदंशाच्या रुग्णावर पहिल्या तासातील उपचार स्वतंत्रपणे करता यावेत, आणि ते त्याने केलेले किमान एका शिक्षकाने पाहिलेले असावेत.’ या वाक्यात कोण, काय, कधीपर्यंत आणि कोणाच्या साक्षीने हे सगळे आहे. याउलट ‘उत्कृष्टतेचे अग्रगण्य केंद्र बनणे’ हे वाक्य प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर शोभते, पण त्यावरून उद्या सकाळी नऊच्या तासाला कोणी काय करायचे ते कळत नाही. माझी सूचना अशी की मसुद्यातील प्रत्येक उद्दिष्टासमोर चार रकाने आखावेत : वेळापत्रकातील तास, जबाबदार शिक्षक, परीक्षेतील जागा, आणि यासाठी काय कमी केले. चौथा रकाना भरताना सर्वाधिक वादावादी होते, आणि तो रिकामा ठेवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. परंतु आठवड्याचे तास वाढत नाहीत, त्यामुळे काहीच कमी न करता मंजूर झालेले उद्दिष्ट कधीच वर्गात पोहोचत नाही.

परीक्षेच्या रकान्याबद्दल थोडे अधिक लिहितो. विद्यार्थी परीक्षेला जे येते तेच शिकतो, यात त्याचा दोष नाही. विद्यापीठाची परीक्षा तुमच्या हाती नसली तरी अंतर्गत मूल्यमापन तुमच्याच हाती आहे. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ पद्धत, म्हणजे ठरावीक मिनिटांची स्थानके आणि प्रत्येक स्थानकावर तपासणीची आखीव यादी, आता आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. त्यात एक स्थानक ‘आशा कार्यकर्तीला सर्पदंशाचे प्रथमोपचार पाच मिनिटांत समजावून सांगा’ असे ठेवले, तर वर्गात न सांगताही विद्यार्थी त्याची तयारी करू लागतील.

मुदतीबद्दल एक साधा हिशेब मांडतो, कारण नव्या महाविद्यालयांच्या मसुद्यांत तो हमखास राहून जातो. साडेचार अधिक एक म्हणजे साडेपाच वर्षे. म्हणजे तुमच्या पंचवार्षिक आराखड्याची मुदत संपेल तेव्हा पहिल्या तुकडीची आंतरवासिता अजून चालू असेल. ‘पाच वर्षांत कुशल डॉक्टर तयार होतील’ हे उद्दिष्ट त्यामुळे मोजताच येणार नाही. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांच्यापुरतीच उद्दिष्टे लिहावीत, चिकित्सा विभागांची उद्दिष्टे ते विभाग उभे राहतील तशी जोडत जावीत आणि आराखडा दर वर्षी उघडावा. जिल्हा रुग्णालयात पूर्वीपासून काम करणाऱ्या डॉक्टरांना यात सुरुवातीपासून बसवावे. त्यांच्याकडे शिकवण्याचे पद नसेल, पण रात्री दोन वाजता कोणता रुग्ण येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

गरजा शोधण्यासाठी मोठे सर्वेक्षण करण्याच्या फंदात पडू नये. बाह्यरुग्ण विभागाची वर्षभराची नोंद, मृत्यूंची नोंद आणि इथून छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला पुढे पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही, एवढ्या तीन गोष्टी समितीच्या टेबलावर आणल्या तरी पुरे. ‘रेफर’च्या वहीतील प्रत्येक नोंद विचारते की हा रुग्ण इथे का थांबू शकला नाही, यंत्र नव्हते, औषध नव्हते, की हात नव्हते? यांतले ‘हात नव्हते’चे उत्तर तुमच्या अभ्यासक्रमाच्या कक्षेत येते.

संशोधनाचे उद्दिष्ट तुम्ही शोधनिबंधांच्या संख्येत लिहिणार असाल तर थोडे थांबावे. मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. तो प्रश्न त्यांना समोरच्या खाटेवर सापडला होता. तुमच्या उद्दिष्टांत विषय आधी यावा, संख्या नंतर.

प्रश्न : अभ्यासक्रमात ‘एकात्मिक अध्यापना’चा, म्हणजे एकच विषय अनेक विभागांनी जोडून शिकवण्याचा, आग्रह आहे, पण आमच्याकडे प्रत्येक विभाग आपले तास धरून बसतो. अधिष्ठाता सांगतात, विभाग ऐकत नाहीत. तोडगा काय? (विभागप्रमुख, लातूर जिल्हा)

उत्तर : तास मागू नका, क्रम मागा. रक्तक्षय हा विषय शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग आणि जनवैद्यक अशा सगळ्यांच्या यादीत आहे. त्यांपैकी एकाच टप्प्यातील विभागांनी तो एकाच पंधरवड्यात घ्यावा एवढेच पहिल्या वर्षी ठरवावे; कोणाचाही तास जात नाही आणि विद्यार्थ्याला विषय सलग मिळतो. पाच जणांनी मिळून एक तास घेण्याचे प्रयोग पाहुण्यांसमोर चांगले दिसतात, पण त्यांतून पाच छोटी व्याख्याने ऐकू येतात. दुसरे असे की अशी आखणी विभागप्रमुखांच्या बैठकीत न ठेवता प्रत्यक्ष तास घेणाऱ्या सहायक प्राध्यापकांच्या गटावर सोपवावी. मोठ्यांचा मान राहतो आणि काम पुढे सरकते.

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाने तिला एका खेड्यातील कुटुंबे ‘दत्तक’ दिली असून वारंवार तिथे जावे लागते. पुढे नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची स्पर्धा किती जीवघेणी आहे हे आपण जाणता. हा वेळ अभ्यासाला मिळाला तर बरे, असे आम्हा पालकांना वाटते. हे उपक्रम सक्तीचे का करतात? (एक पालक, लातूर)

उत्तर : लातूरच्या पालकांकडून हा प्रश्न यावा हे स्वाभाविक आहे; गुणांसाठी घरदार सोडून खोली घेऊन राहिलेली मुले त्या शहराने पाहिली आहेत. परंतु तुमच्या पत्रातील दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील.

खेड्याशी जोडलेले वैद्यकीय शिक्षण ही आजची टूम नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच सामाजिक वैद्यकाच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला होता, आणि आपल्याच अंबाजोगाईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाच्या नावातच ‘ग्रामीण’ आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रम २०२१-२२ च्या तुकडीपासून आला. त्यामागची कल्पना अशी की विद्यार्थी पहिल्या वर्षीच काही कुटुंबांशी जोडला जावा आणि पुढच्या टप्प्यांत त्यांच्याकडे पुन:पुन्हा जावा, म्हणजे आजार एकदाच न दिसता कालांतराने कसा चालतो हे त्याला दिसेल. वॉर्डात रक्तदाबाचा रुग्ण भेटतो तो झटका आल्यावर. घरी भेटणारी आजी ‘चक्कर आली की गोळी घेते, नाहीतर कशाला खर्च’ असे सांगते, गोळ्यांची अर्धी पट्टी देवघरातल्या डबीतून काढून दाखवते, आणि सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. औषध का काम करत नाही याचे हे कारण प्रश्नसंचात क्वचितच सापडेल. त्या घरात मात्र ते पहिल्याच भेटीत कळते. शिवाय पदव्युत्तर शिक्षणातही आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे, त्यामुळे नीट-पीजी पार केल्यावरही मुलीची जिल्ह्याशी गाठ पडणारच आहे.

मात्र तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. बस भरून जायचे, फलक धरून छायाचित्र काढायचे आणि माहितीचा तक्ता परतीच्या वाटेवर अंदाजाने भरायचा, असे चालत असेल तर तो वेळ वायाच जातो. याला बरेचदा आळसापेक्षा नियोजनातली चूक कारणीभूत असते. बीड जिल्ह्याच्या काही तालुक्यांत आणि शेजारच्या पट्ट्यात ऊसतोडीची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. भेटी नोव्हेंबर ते मार्चमध्ये ठेवल्या तर विद्यार्थ्याला कुलूप लागलेली दारे आणि म्हातारी माणसे भेटतात; ज्या बायकांच्या आरोग्याविषयी बोलायला हवे त्या फडावर असतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली, हे आपल्याला आठवत असेल. त्या जिल्ह्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ही शस्त्रक्रिया केव्हा गरजेची असते, केव्हा नसते आणि माहितीपूर्ण संमती म्हणजे काय, हे त्या बायका गावात असताना त्यांच्याशी बोलूनच शिकले पाहिजे. पालक सभेत तुम्ही ‘हे बंद करा’ असे म्हणण्याऐवजी ‘भेटींचे वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे का नाही, आणि प्रत्येक भेटीनंतर शिक्षकांशी चर्चा होते का’ असे विचारलेत, तर तुमचेही समाधान होईल आणि महाविद्यालयालाही उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या लॉगबुकमधील, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवहीतील, सह्या सत्र संपताना एकदम होतात. पन्नास-पन्नास नोंदी एका बैठकीत ‘पूर्ण’ होतात. मी ज्या गोष्टी कधी केल्याच नाहीत त्यांच्यापुढेही शेरा आहे. यावर विद्यार्थी काय करू शकतो? (तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

उत्तर : लॉगबुकचा नमुना तुम्ही नीट पाहिला असेल. क्षमतेचा क्रमांक, तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा केलेला, कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेप्रमाणे की अपेक्षेहून सरस, शिक्षकांचा निर्णय, त्यांची सही, आणि शेवटी अभिप्राय मिळाल्याची तुमची स्वतःची सही. शेवटचा रकाना विद्यार्थ्यासाठी आहे हे बहुतेकांना आठवत नाही. ‘पुन्हा करावे’ हा शेरा साऱ्या वर्गाच्या लॉगबुकांत एकदाही दिसत नसेल, तर ती मुले फार हुशार आहेत असा अर्थ होत नाही, कोणी पाहिलेच नाही असा होतो.

शिक्षकांची बाजूही सांगतो. शंभर-दीडशे विद्यार्थी, प्रत्येकाच्या अनेक क्षमता, आणि त्याच वेळी वॉर्ड सांभाळणारे मोजके शिक्षक, हे गणित जुळत नाही. म्हणून अभ्यासक्रम समितीने प्रत्येक विषयातील प्रमाणित करायच्या, म्हणजे शिक्षकाने पाहून सही द्यायच्या, क्षमतांचे वर्षभराचे वेळापत्रक आधीच लावावे, प्रत्येक पोस्टिंगमध्ये दोन-तीनच ठेवाव्यात आणि त्या मात्र डोळ्यांसमोर करून घ्याव्यात. तुम्ही स्वतः एवढे करू शकता : पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी गटातर्फे ‘सर, या पोस्टिंगमध्ये या दोन गोष्टी आम्हाला तुमच्यासमोर करायच्या आहेत’ असे सांगावे. पहिल्या दिवशी केलेली विनंती सहसा कोणी नाकारत नाही. शेवटच्या दिवशी केलेली विनंती सहीची असते. आणि जे केलेले नाही त्यापुढच्या अभिप्रायाच्या रकान्यात सही करू नये. मूत्रमार्गात नळी घालणे किंवा जखमेला टाके घालणे हे ‘पूर्ण’ असे लिहिलेले घेऊन तुम्ही आंतरवासितेत गेलात, तर तिथल्या सिस्टर त्यावर विश्वास ठेवतील, आणि त्याची किंमत रुग्ण मोजील.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय आले, इमारतीच्या बातम्या रोज येतात. पण तिथे काय शिकवतात याच्याशी गावकऱ्यांचा काही संबंध असतो का, आणि आम्ही काही मागू शकतो का? (माजी सरपंच, हिंगोली जिल्हा)

उत्तर : संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९५ मध्येच वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची व्याख्या मांडली. तिचा आशय असा की महाविद्यालयाचे शिक्षण, संशोधन आणि सेवा ही तिन्ही कामे ते ज्या प्रदेशासाठी आहे तेथील लोकांच्या अग्रक्रमाच्या आरोग्यप्रश्नांकडे वळलेली असावीत, आणि हे अग्रक्रम लोक, शासन व आरोग्यसेवक यांनी मिळून ठरवावेत.

इमारत आणि खाटा यांची विचारपूस तुम्ही करतच असाल. त्याबरोबर अधिष्ठात्यांना लेखी पत्र देऊन तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी जिल्ह्यातून सर्वाधिक रुग्ण कोणत्या कारणांनी बाहेर पाठवले गेले आणि त्यांतील कोणते यंदा इथेच बरे करण्याचे ठरवले आहे? विद्यार्थी आणि इंटर्न कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर, कोणत्या महिन्यांत येणार आहेत? आणि महाविद्यालयाची धोरणात्मक उद्दिष्टे मराठीत वाचायला मिळतील का? हेच पत्र रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतही ठेवता येईल. तुमच्या गावातील आशाताई आणि परिचारिका यांना महाविद्यालयाच्या आखणीच्या बैठकीस वर्षातून एकदा बोलवावे, अशी मागणीही करावी. बाळंतपणासाठी गाडी कुठे अडते आणि कोणत्या वाडीला पावसाळ्यात पोहोचता येत नाही हे त्या सांगतील, आणि ते ऐकूनच विद्यार्थ्यांच्या पोस्टिंगची जागा ठरली पाहिजे.

गावानेही एक जबाबदारी घ्यावी. विद्यार्थी घरी येतील तेव्हा त्यांना डॉक्टर समजून औषध मागू नये, आणि ‘पोरंच ती’ म्हणून दारातून परतही पाठवू नये. ते शिकायला आलेले असतात, त्यांच्यासोबत शिक्षक असणे अपेक्षित आहे. शिक्षक सोबत आले नाहीत तर तेही अधिष्ठात्यांच्या पत्रात, तारखेसह, लिहावे.